गीत आधी की कॅमेरा? : विद्यार्थीनिर्मित गीतचित्रफितीचे नियोजन व संशोधन आणि बीड जिल्ह्यातील श्रमगीते

प्रास्ताविक :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क आणि कौशल्याधारित विषय यांना श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे एकेकाळी केवळ स्नेहसंमेलनापुरती किंवा युवक महोत्सवापुरती असणारी विद्यार्थ्यांची दृक्श्राव्य निर्मिती आता मूल्यमापनाच्या कक्षेत येऊ लागली आहे. तीन-चार मिनिटांची गीतचित्रफीत हा या निर्मितीचा विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचा वाटणारा प्रकार होय. भ्रमणध्वनीतील कॅमेरा, विनामूल्य संपादन-प्रणाली आणि यूट्यूबसारखे व्यासपीठ हाती असल्याने साधनांची जुनी अडचण बरीचशी दूर झाली आहे. मात्र साधने सुलभ झाली म्हणजे निर्मिती सकस होतेच असे नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न विशेष टोकदार होतो. हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी ऊसतोड कुटुंबांतून आलेले असतात. ज्यांच्या घरात जात्यावरची ओवी, भीमगीत, भारूड आणि तांड्यावरचे गाणे पिढ्यानपिढ्या नांदले, त्या विद्यार्थ्यांच्या हाती आज कॅमेरा आला आहे. त्या कॅमेऱ्यासमोर त्यांचे स्वतःचे गाणे कोणत्या रूपात उभे राहते, हा या लेखाचा विषय आहे. गीतचित्रफितीचे नियोजन कॅमेऱ्यापासून नव्हे, तर गीतापासून सुरू झाले पाहिजे. आणि गीतापासून सुरुवात करणे म्हणजे ते कोणाचे, कोणत्या श्रमातून व कोणत्या ऋतूत आले याचा शोध घेणे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

गीतचित्रफीत : संकल्पना व सिद्धान्त

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि गीतचित्रफितीला स्वतंत्र कलाप्रकाराची ओळख मिळाली. भारतात १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांबरोबर चित्रपटबाह्य गीतांच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. यूट्यूबच्या आगमनानंतर आणि पुढे २०१६ पासून इंटरनेट स्वस्त झाल्यानंतर मराठी स्वतंत्र गीतांना वाहिनीच्या दाराशी ताटकळण्याचे कारण उरले नाही. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांचे २०२४ मधील ‘गुलाबी साडी’ हे गीत याचे सर्वज्ञात उदाहरण आहे. येथे गीतकार व गायक एकच असून चित्रफितीतही तोच दिसतो. म्हणजे गीत कोणाचे हा प्रश्न प्रेक्षकाला पडण्यापूर्वीच त्याचे उत्तर पडद्यावर हजर असते. लोकगीताच्या बाबतीत ही सोय नसते, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे लागेल.

या प्रकाराच्या अभ्यासात अँड्र्यू गुडविन यांच्या १९९२ मधील ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ या ग्रंथाचा आधार आजही घेतला जातो. शब्द आणि दृश्य यांचे तीन प्रकारचे नाते त्यांनी मांडले. शब्द जे सांगतो तेच दृश्य दाखवते, ते चित्रण. शब्दाने सूचित केलेला अर्थ दृश्य पुढे नेते, तो विस्तार. आणि शब्द व दृश्य परस्परांपासून फारकत घेतात, ती विसंगती. माध्यमशिक्षणात ही त्रयी एवढी रूढ झाली आहे की विद्यार्थी ती पाठ करून प्रत्येक दृश्याला एकेक नाव चिकटवतो. परंतु गुडविन यांचा मूळ आग्रह दुर्लक्षित राहतो. गीतचित्रफितीकडे छोटा चित्रपट म्हणून पाहू नये, तिचा विचार संगीतापासून सुरू करावा, लय व स्वर यांच्याशी दृश्याचे नाते तपासावे, हा तो आग्रह होय. आपल्याकडे त्रयी आली, आग्रह मात्र मागे राहिला.

नियोजनाचे प्रचलित रूप व त्यातील उणीव

विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-वहीत सामान्यतः संकल्पना, दृश्यक्रम, स्थळांची यादी, वेशभूषा, चित्रीकरणाचे वेळापत्रक व खर्चाचा अंदाज ही सदरे असतात. ती आवश्यकच आहेत. चार मिनिटांच्या गीताचे २४० सेकंद होतात. सरासरी तीन सेकंदांचे एक दृश्य धरले तर ८० दृश्ये लागतात, सहा सेकंदांचे धरले तर ४०. हा साधा हिशेब ज्याने आधी केला नाही त्याला संपादनाच्या वेळी दृश्ये अपुरी पडतात आणि मग आकाश, झाडे व मावळता सूर्य यांची भरती करावी लागते. गीत संथ गतीने दाखवायचे पण ओठांची हालचाल शब्दांशी जुळलेली हवी असेल, तर सेकंदाला ५० चौकटींनी चित्रीकरण करून त्या वेळी गीत दुप्पट वेगाने वाजवावे लागते. पुढे २५ चौकटींनी दाखविताना ते जुळते. ही तांत्रिक तयारी शिकवता येते आणि ती शिकवलीही पाहिजे.

उणीव आहे ती संशोधन या सदरात. तेथे बहुधा दोन गोष्टी आढळतात : यूट्यूबवरील चार-पाच लोकप्रिय चित्रफितींचे निरीक्षण आणि वर्गमित्रांकडून भरून घेतलेली प्रश्नावली. पहिल्यातून अनुकरण जन्मते, दुसरीतून आपल्यासारख्याच प्रेक्षकांची आवड कळते. ज्या गीतावर चित्रफीत करायची त्या गीताविषयी मात्र या संशोधनातून काहीही कळत नाही. ते लोकगीत असेल तर श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ हा एकच शब्द येतो. या शब्दाच्या आड गाणारी बाई, तिचे गाव, तिचे काम आणि तिची संमती एकाच वेळी अदृश्य होतात. ही उणीव शैलीची नसून संशोधनपद्धतीची आहे.

माजलगावच्या ओव्या : एक पथदर्शी उदाहरण

या संदर्भात बीड जिल्ह्यातीलच एक उदाहरण मार्गदर्शक ठरावे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यातील आपल्या संस्थेच्या माध्यमातून १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण व माहितीसंच यांची जोड मिळाली. प्वातवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. नंतर हा संग्रह पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाकडे आला आणि २०१७ पासून ध्वनी, छायाचित्रे, चित्रफिती व अनुवाद यांसह तो टप्प्याटप्प्याने प्रकाशित होऊ लागला.

या संग्रहात माजलगावच्या भीमनगर वस्तीतील राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणींनी गायलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ मधील आहे. जात्याच्या परंपरेत सासर-माहेर, भाऊ आणि विठ्ठल हे विषय अपेक्षित असतात. त्याच चालीत भीमराव येतो तेव्हा परंपरा आणि परिवर्तन या दोन गोष्टी एका श्वासात ऐकू येतात. ‘पारंपरिक’ हे लेबल या गाण्याला लावले तर त्यातील नेमका क्रांतिकारक भाग पुसला जातो. कारण चाल परंपरेची असली तरी आशय त्या स्त्रियांनी आपल्या इतिहासातून घडविला आहे.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या संग्रहाची नोंदपद्धती. गीताबरोबर गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, अपत्ये, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख अशी माहिती दिलेली असते. वरवर पाहता हा कार्यालयीन तक्ता वाटेल. परंतु कोणत्याही चित्रफितीच्या नियोजनाला लागणारे सर्व मूलभूत प्रश्न त्यात आहेत. गायिका कोणत्या वयाची आहे हे ठाऊक नसेल तर वीस वर्षांच्या मुलीच्या ओठांवर साठीतल्या स्त्रीचा स्वर बसविला जातो. तिचा व्यवसाय ठाऊक नसेल तर शेतमजूर स्त्रीचे गाणे पैठणी नेसलेल्या नायिकेच्या तोंडी जाते. अर्थात अशी फारकत हेतुपुरस्सरही करता येते. तीच गुडविन यांची विसंगती होय. मात्र अज्ञानातून झालेली फारकत ही विसंगती नव्हे, ती चूक होय. या दोहोंतील फरक केवळ संशोधनाने ठरतो.

लय, श्रम आणि दृश्य

जात्यावरच्या ओवीची लय खुंट्याला धरलेल्या हाताच्या फेऱ्यातून येते. दोघी समोरासमोर बसल्या तर एकीने म्हटलेले दुसरी उचलते, आणि दोघींच्या दमाची वाटणी गाण्यातही होते. छापील पानावर दोन ओळींची दिसणारी ओवी गाताना अर्धी ओळ पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ अशी संबोधने घालते आणि बरीच लांबते. म्हणून छापील संहितेवरून दृश्यांची यादी केली की ती गाण्याला आखूड पडते. येथे पहिले काम ऐकण्याचे आहे. एका कडव्याला जाते किती फेरे घेते, श्वास कोठे घेतला जातो, दुसरा आवाज कोठे मिसळतो, याची सेकंदवार नोंद केली म्हणजे दृश्यबदलाच्या जागा आपोआप सापडतात. फेरा पूर्ण होण्यापूर्वी दृश्य तोडले तर डोळ्याला जो धक्का बसतो तो अर्थपूर्ण असू शकेल, पण तो ठरवून दिलेला असावा.

आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचल्यानंतर दळण जात्यावरून गेले आणि त्याबरोबर ओवीचा रोजचा प्रसंगही गेला. आज एखाद्या आजीला जात्यावर बसवून चित्रीकरण करणे म्हणजे स्मरणाचे चित्रीकरण करणे होय. चालू जीवनाचे नव्हे. पहाटेचे दळण भर दुपारच्या उन्हात, कोऱ्या जात्यावर दाखविले जाते तेव्हा स्मरण आणि देखावा यांतील सीमा ओलांडली जाते. याउलट, कोपऱ्यात पडलेले जाते, त्यावर आजीचा हात, आणि बाहेर गिरणीचा आवाज असे दृश्य योजले तर गाण्याचा आजचा काळही चित्रफितीत येतो. गुडविन यांच्या परिभाषेत हा विस्तार होय, आणि त्याला नव्या खर्चाची गरज नाही.

ऋतू व वेळापत्रक

बीडच्या महाविद्यालयांनी स्वतःच शोधला पाहिजे असा एक मुद्दा कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तो म्हणजे स्थलांतराचे वेळापत्रक. गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबाच्या भाषेत ‘कोयता’ म्हटले जाते, पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतील अनेक वाड्या-तांडे त्या काळात म्हातारी माणसे व मुले यांच्यावर उरतात.

आता महाविद्यालयीन वर्ष पाहावे. प्रकल्पांचे चित्रीकरण बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. म्हणजे ज्यांचे गाणे चित्रित करायचे ती माणसे गावात नसतात नेमके तेव्हा. मग ऊसतोडीच्या गीतात वर्गमित्र कोयता हाती धरतात. मोळी कशी बांधतात, पाचट कसे सोलतात, वाढे वेगळे कसे ठेवतात, डोक्यावर मोळी घेऊन बाई फळीवरून ट्रकमध्ये कशी चढते हे देहाला ठाऊक नसल्याने अभिनय उघडा पडतो. ज्या विद्यार्थ्याने हे सारे लहानपणी फडावरच्या कोपीत राहून पाहिले आहे, तोही अशा वेळी गप्प राहतो. कारण प्रकल्प-वहीत त्याच्या माहितीला सदर नसते. त्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वस्तुतः संशोधनाची सुरुवात तेथून व्हावयास हवी.

यावर उपाय नियोजनातच आहे. जून ते सप्टेंबर या काळात, कुटुंबे गावी असताना, मुलाखती, ध्वनिमुद्रण व संमती घ्यावी. हंगामात एखाद्या फडावर जाणे शक्य झाल्यास मजुरीचा वेळ न मोडता केवळ श्रमाची दृश्ये घ्यावीत. संपादन त्यानंतर करावे, आणि हंगामाअखेर माणसे परतल्यावर चित्रफीत प्रथम त्यांच्या वस्तीत दाखवावी. यासाठी प्रकल्प दोन सत्रांचा करावा लागेल. एका सत्राच्या सोयीसाठी गाणे खोटे करण्यापेक्षा हे बरे.

संमती, श्रेय आणि कायदा

लोकगीत कोणाचेच नसते, म्हणून ते सर्वांचे असते, असा एक समज आहे. गीताच्या पारंपरिक संहितेपुरता तो काही अंशी खरा असेल. परंतु गायनाला तो लागू पडत नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांच्या हक्कांना स्थान मिळाले. आज या हक्काची मुदत सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे आहे. म्हणजे १९९६ साली गायलेल्या ओवीवरील गायिकेचा हक्क २०४६ अखेरपर्यंत चालतो. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव जोडले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक विकृतीस हरकत घेण्याचा नैतिक हक्कही दिला.

अध्यापनाच्या ओघात होणाऱ्या वापराला आणि कर्मचारी, विद्यार्थी व पालक यांच्यापुरत्या सादरीकरणाला याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. चित्रफीत यूट्यूबवर ठेवली की प्रेक्षक त्या मर्यादेत राहत नाही, ही गोष्ट प्रकल्प-मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. लोकप्रिय चित्रपटगीत उचलून त्यावर चित्रफीत करण्याबाबतही हेच लागू आहे.

तथापि संमती हा केवळ कायद्याचा विषय नाही. संमतिपत्र मराठीत असावे, ते वाचून दाखवावे, त्याची एक प्रत गायिकेच्या घरी राहावी, आणि चित्रफीत कोठे दाखविली जाणार हे त्यात स्पष्ट असावे. ज्या स्त्रिया निरक्षर आहेत त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून संमती नोंदविता येते. आनंद पटवर्धन यांचा २०११ मधील ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून उभा राहिला. त्यातील शाहिरांची गाणी त्यांच्या वस्ती, नावे व संघर्षासह येतात. विद्यार्थ्याजवळ चौदा वर्षे नसतात. पण चौदा भेटी देणे त्याला अशक्य नाही.

एक आक्षेप व त्याचा विचार

विद्यार्थ्याची गीतचित्रफीत म्हणजे माहितीपट नव्हे, कल्पनेला येथे मोकळीक हवी, संशोधनाचे ओझे टाकल्यास उत्साह मावळेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षणीय नाही. प्रेमगीत, विनोदी गीत, नृत्यगीत यांनाही महाविद्यालयात जागा आहे आणि असली पाहिजे. परंतु संशोधन कल्पनेला अडविते हे गृहीतक तपासावे लागेल. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापन विषयाचे विद्यार्थी असताना केलेला ‘पिस्तुल्या’ हा लघुपट २००९ मधील आहे. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती गोष्ट पुढे ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरविली गेली. तो लघुपट साधनांच्या श्रीमंतीवर उभा नव्हता. आपल्या माणसांविषयीच्या नेमक्या माहितीवर उभा होता. बीडला लागून असलेल्या जिल्ह्यात एका विद्यार्थ्याला जे साधले, ते येथे साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

शब्द आणि चित्र यांना एकत्र आणण्याची कल्पनाही या मातीला परकी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय पासोडीवर, म्हणजे कापडावर, अक्षरे व आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. तिला दृश्यक्रमाचा आराखडा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र सांगायचे काय हे आधी निश्चित झाले की साधे कापडही माध्यम होते, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

मूल्यमापनाविषयी सूचना

मार्गदर्शकाने गुण कशाला दिले, यावरून विद्यार्थी महत्त्व कशाला द्यायचे ते ठरवितो. चकचकीत चित्रणाला अधिक गुण मिळत राहिले तर संशोधनाचे सदर कागदी राहील. म्हणून १०० गुणांच्या प्रकल्पासाठी पुढील विभागणी विचारार्थ मांडावीशी वाटते : गीताविषयीचे क्षेत्रीय संशोधन व नोंदपत्र ४०, नियोजन व दृश्यक्रम २५, चित्रीकरण व संपादन २०, आणि वस्तीतील प्रदर्शन व त्यानंतरचे टिपण १५. शेवटचे १५ गुण अल्प असले तरी त्यांचे कार्य मोठे आहे. ज्यांचे गाणे त्यांच्यासमोर ते दाखवायचे आहे हे एकदा ठाऊक झाले, की खोटी मोळी बांधताना विद्यार्थ्याचाच हात थांबतो.

निष्कर्ष :

१) गीतचित्रफितीच्या नियोजनात संशोधनाचा केंद्रबिंदू लोकप्रिय चित्रफिती नसून प्रत्यक्ष गीत, गायक आणि त्यांचा श्रम हा असावा.

२) शब्द-दृश्य संबंधांची रूढ त्रयी उपयुक्त आहे, मात्र लय व श्रम यांच्या नोंदीविना ती केवळ नामाभिधानापुरती उरते.

३) बीड जिल्ह्यातील प्रकल्पांचे वेळापत्रक शैक्षणिक सत्राबरोबरच गळीत हंगाम व स्थलांतर लक्षात घेऊन आखावे लागेल.

४) ‘पारंपरिक’ या शब्दाआड गायिकेचे नाव लपविणे ज्ञानदृष्ट्या अपुरे, कायदेशीरदृष्ट्या धोक्याचे आणि नैतिकदृष्ट्या अनुचित आहे.

५) ऊसतोड कुटुंबातील विद्यार्थ्याचा जीवनानुभव हा संशोधनाचा अधिकृत स्रोत म्हणून प्रकल्प-वहीत नोंदविला जावा.

या जिल्ह्यातील स्त्रियांनी जात्याभोवती आणि फडावर जे गायिले त्यातील फार थोडे नोंदले गेले आहे, आणि गाणाऱ्यांचे वय आता उतरणीला लागले आहे. विद्यार्थ्यांच्या तीन-चार मिनिटांच्या चित्रफिती या नोंदीचा पुढचा टप्पा ठरू शकतात. त्यासाठी नवीन प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. प्रकल्प-वहीच्या पहिल्या पानावर स्थळांच्या यादीऐवजी गाणारीचे नाव लिहिले जावे, एवढीच अपेक्षा आहे.